उंबरठ्याबाहेरचा पाहुणा

पाश्चात्य भूतकथांतील रक्तपिपासू पिशाचावर एक चमत्कारिक बंधन घातलेलें आहे. त्याच्या अंगीं वीस माणसांचें बळ असतें, लांडगे त्याची आज्ञा पाळतात, धुक्याचें रूप घेऊन तो दाराच्या फटींतून सरकूं शकतो. परंतु घरांतील कोणीतरी प्रथम "या" म्हटल्यावांचून त्याला उंबरठा ओलांडतां येत नाहीं. तो शब्द एकदां तोंडांतून गेला, कीं मग मात्र तो घरचाच झाला; त्यानें वाटेल तेव्हां यावें आणि वाटेल तेव्हां जावें. सूर्यप्रकाशाची भीति, लसणीची घृणा, क्रूसापुढें माघार आणि हृदयांत ठोकलेल्या लाकडी खुंट्यानें येणारें मरण, हीं त्याचीं दुसरीं लक्षणें आज शाळकरी मुलांनाहि तोंडपाठ असतात. आमंत्रणाची अट त्या मानानें मागें पडलेली होती; अलीकडे ती पुन्हां पुढें आली आहे. रॉबर्ट एगर्स यांचा 'नोस्फेरातु' (२०२४) आणि रायन कूगलर यांचा 'सिनर्स' (२०२५) हे दोन अमेरिकन चित्रपट सुमारें चार महिन्यांच्या अंतरानें पडद्यावर आले. दोहोंचा देश, काळ व माणसें सर्वस्वी भिन्न. पण दोहोंचा भार एकाच प्रश्नावर तोललेला आहे: दार आंतून कोणी उघडलें, आणि कां उघडलें?

मराठींत ह्या पिशाचाला नेमकें नांव नाहीं. मुंजा, समंध, खवीस, हडळ, जखीण, ब्रह्मराक्षस अशी भुतांची जातवारी मराठी मुलुखांत मोठी तपशीलवार लावलेली आहे. परंतु रोज रात्रीं थडग्यांतून उठावें, जिवंतांचें रक्त प्यावें आणि ज्याला दंश केला त्याला आपल्याच जातींत ओढून घ्यावें असा उद्योग त्यांपैकीं कोणाच्याहि वांट्याला आलेला नाहीं. जेथें बहुतेकांचीं प्रेतें जाळलीं जातात, तेथें थडग्यांतून उठणाऱ्या भुतानें राहावें तरी कोठें? इंग्रजांनीं मात्र हा मान बळेंच वेताळाला देऊन टाकला. रिचर्ड बर्टन ह्या साहसी प्रवाशानें १८७० सालीं वेताळपंचविशीचें इंग्रजी रूपांतर प्रसिद्ध केलें, तेव्हां ग्रंथाच्या नांवांतच त्यानें विक्रम राजाची गांठ 'व्हॅम्पायर'शीं घालून दिली. वेताळ प्रेतांत शिरतो हें खरें. पण तो राजाच्या खांद्यावर बसून गोष्टी सांगतो आणि कोडीं घालतो, कोणाच्या गळ्याला तोंड लावीत नाहीं. कोंकणांत व गोव्यांत तर तो गांवचा राखणदार मानला जातो. आमोणा, पैंगीण येथें त्याचीं देवळें आहेत. तेव्हां वेताळाला ह्या प्रकरणांतून मोकळें करणेंच न्याय्य. पुढील विवेचनांत 'रक्तपिपासू' हाच शब्द योजिला आहे.

रक्तपिपासूचें खरें माहेर बाल्कन प्रदेशांतील खेड्यांत आहे. १७३२ च्या जानेवारींत ऑस्ट्रियाच्या लष्करांतील शल्यवैद्य योहान फ्लूकिंगर यानें सर्बियांतील मेद्वेजा गांवीं जाऊन संशयित प्रेतें उकरून तपासलीं आणि तिकडील अधिकाऱ्यांस लेखी अहवाल सादर केला. कांहीं प्रेतें कुजलेलीं नव्हतीं, त्यांच्या अंगांत ताजें रक्त होतें, नवीं नखें फुटलेलीं होतीं, असें त्यांत गंभीरपणें नोंदलेलें आहे. प्रेत कुजण्याची क्रिया थंडीच्या दिवसांत व मातीखालीं किती वेगवेगळ्या गतीनें चालते, ह्याचें ज्ञान त्या काळीं नव्हतें. अहवाल छापला गेला, युरोपभर वाचला गेला, आणि त्याच वर्षीं हा शब्द इंग्रजी वृत्तपत्रांत शिरला. शेवटीं १७५५ सालीं सम्राज्ञी मारिया थेरेसा हिनें आपला राजवैद्य व्हान स्वीटेन याच्या सल्ल्यावरून अशीं प्रेतें उकरण्यास मनाई केली. ध्यानांत घेण्याजोगें हें, कीं हा मूळचा रक्तपिपासू कोणी फिकट चेहऱ्याचा उमराव नव्हता. तो शेजारचाच शेतकरी होता. गेल्या महिन्यांत मेलेला, अंगानें फुगलेला, तोंडावर लाली आलेला, आणि प्रथम स्वतःच्याच घराकडे वळणारा.

त्याला रेशमी कपडे चढविले ते लेखकांनीं. लॉर्ड बायरन याचा डॉक्टर जॉन पॉलिडोरी याची गोष्ट १८१९ सालीं लंडनच्या एका मासिकांत, तीहि बायरनच्याच नांवावर, छापून आली. तींतील रक्तपिपासू सरदार आहे आणि मोठमोठ्या दिवाणखान्यांत त्याचें स्वागत होतें. पुढें १८९७ सालीं ब्रॅम स्टोकर यानें 'ड्रॅक्युला' लिहिली आणि ह्या पिशाचाचा कायदाच जणुं तयार करून दिला. आरशांत प्रतिबिंब न पडणें हा नियम त्याचाच. आमंत्रणाची अटहि ह्याच ग्रंथानें सर्वतोमुखी केली. कादंबरींत ड्रॅक्युला एका वेड्यांच्या इस्पितळांत शिरतो, तो तेथल्या एका रुग्णानें त्याला आंत बोलावल्यामुळें. त्याच्या मोबदल्यांत काय मिळेल ह्याचें आमिष त्यानें त्या दुबळ्या मनाला आधींच दाखविलेलें असतें.

पण ज्या गोष्टी 'पूर्वापार' म्हणून आज सांगितल्या जातात, त्यांपैकीं पुष्कळ ह्या कादंबरींतहि नाहींत. स्टोकरचा ड्रॅक्युला लंडनच्या रस्त्यांतून दिवसां उघड हिंडतो. दिवसां त्याची शक्ति ओसरते, इतकेंच. त्याचा शेवटहि सूर्यामुळें होत नाहीं. मावळत्या उन्हांत एका इंग्रज वकिलाच्या हातची कुकरी त्याचा गळा चिरते आणि एका अमेरिकनाचा सुरा त्याच्या छातींत शिरतो. गुरखा पलटणींमुळें विलायतेंत माहीत झालेलें हें हत्यार अशा रीतीनें युरोपांतील सर्वांत प्रसिद्ध भुताच्या मानेवर पडलें, ही गोष्ट हिंदुस्थानांतील वाचकांना गंमतीची वाटेल.

सूर्यकिरणांनीं मरण ही कल्पना चित्रपटाची. १९२२ सालीं जर्मनींत फ्रीड्रिख व्हिल्हेल्म मुर्नाउ यानें 'नोस्फेरातु' नांवाचा मूकपट काढला. कादंबरीचे हक्क निर्मात्यांनीं घेतलेले नव्हते, म्हणून ड्रॅक्युलाचा काउंट ऑर्लॉक झाला आणि लंडनच्या जागीं जर्मन गांव आलें. तरीहि स्टोकरच्या विधवेनें दावा लावला, आणि १९२५ सालीं चित्रपटाच्या साऱ्या प्रती नष्ट कराव्या असा निकाल झाला. कांहीं प्रती निसटल्या, म्हणून तो आज पाहावयास मिळतो. ह्या मूकपटांत नायिका खिडकी उघडून ऑर्लॉकला स्वतःच जवळ बोलावते, कोंबडा आरवेपर्यंत त्याला गुंतवून ठेवते, आणि पहाटेचा किरण अंगावर पडतांच तो धूर होऊन नाहींसा होतो. जी कला उजेडानेंच चित्र उमटविते, तिनें आपल्या राक्षसाचा काळ म्हणून उजेडालाच निवडावें ह्यांत नवल नाहीं. कागदावर सुरा बरा. पडद्यावर किरण त्याहून फार प्रभावी.

काळ्या झग्याचीहि हीच कथा. १९२४ सालीं हॅमिल्टन डीन यानें इंग्लंडांत 'ड्रॅक्युला' रंगभूमीवर आणलें, त्या नाटकांतून तो झगा आला. त्याची उभी कॉलर इतकी उंच कां, तर नटानें प्रेक्षकांकडे पाठ करून उभें राहावें, कॉलरीआड त्याचें डोकें झांकलें जावें, आणि झगा हवेंतल्या हवेंत धरलेला भासत असतांना त्यानें मागच्या झडपेंतून निसटावें! केवळ रंगमंचावरची युक्ति; पण बेला लुगोसी ह्या हंगेरियन नटानें १९३१ च्या बोलपटांत तोच झगा पांघरला आणि तेव्हांपासून तो जन्माचा चिकटला. मौजेची गोष्ट अशी, कीं लुगोसीचे सुळे त्या चित्रपटांत एकदांहि दिसत नाहींत. टोंकदार सुळे, लाल डोळे आणि रंगीत रक्त हीं क्रिस्टोफर ली यानें भूमिका केलेल्या १९५८ च्या ब्रिटिश चित्रपटानें लोकप्रिय केलीं. परंपरा म्हणून जें पुढें चालत आलें, तें अशा प्रकारें कांहीं गांवकऱ्यांच्या भीतींतून, कांहीं वकिलाच्या नोटिसीच्या धास्तींतून आणि कांहीं नेपथ्यकाराच्या सोयींतून जमलेलें आहे. नव्या दिग्दर्शकाला ह्या गांठोड्यांतून काय उचलावें आणि काय टाकावें ह्याची मोकळीक मिळते, ती ह्यामुळेंच.

ही मोकळीक कित्येकांनीं घेतली. २००८ च्या 'ट्वायलाइट'मध्यें उन्हांत जळण्याऐवजीं रक्तपिपासूची कांति हिऱ्यासारखी चमकूं लागली. मुलींना तो आवडला, त्याविषयीं अधिक लिहिण्याचें कारण नाहीं. २०१४ चा न्यूझीलंडमधील 'व्हॉट वुई डू इन द शॅडोज' हा विनोदी चित्रपट मात्र नियमांविषयीं विलक्षण दक्ष आहे. वेलिंग्टन शहरांत एका घरांत बिऱ्हाड करून राहणारे रक्तपिपासू आरशांत दिसत नाहींत, म्हणून बाहेर पडतांना परस्परांचीं चित्रें काढून पोशाख कसा दिसतो तें सांगतात. आणि नाचघराच्या दारावरील रखवालदारानें तोंडानें "आंत या" म्हणावें, म्हणून बापुडे गयावया करितात. नियम तोच; पण एकदां तो तंतोतंत पाळला, कीं भीतीचा विनोद होतो. त्याच वर्षींच्या ॲना लिली अमीरपूर हिच्या फारसी भाषेंतील चित्रपटांत एक तरुण मुलगी चादर पांघरून रात्रीच्या सुनसान रस्त्यांवर फिरते. लुगोसीचा झगा आणि इराणी स्त्रीची चादर यांची काळी आकृति एकच, हें एका दृष्टिक्षेपांत दाखवून देणारी ही कल्पना खरोखर नामी आहे. रात्रीं एकट्या बाईनें रस्त्यांत भ्यावयाचें, हा जगाचा रिवाज. येथें पुरुष भितात.

आमंत्रणाच्या नियमाचा पहिला खोल उपयोग केला तो स्वीडिश चित्रपटानें. टोमास आल्फ्रेडसन याच्या २००८ च्या 'लेट द राइट वन इन'मध्यें नांवापासूनच हा नियम आहे. स्टॉकहोमच्या एका उपनगरांत बारा वर्षांचा एकलकोंडा मुलगा आणि शेजारीं राहावयास आलेली एली यांची मैत्री जमते. एके दिवशीं ती दाराशीं येते, तेव्हां तो चेष्टेनें तिला "ये" म्हणत नाहीं. न बोलावतां आलीस तर काय होतें तें दाखव, असा त्याचा बालिश हट्ट. ती आंत येते, गप्प उभी राहते, आणि तिच्या डोळ्यांतून, कानांतून, कातडींतून रक्त झिरपूं लागतें. घाबरून तो ओरडून तिला आमंत्रण देतो. पिशाचाला आवरणारा नियम तोपर्यंत घरच्यांच्या रक्षणासाठीं होता. येथें प्रथमच दिसतें, कीं नाकारलें जाण्याची वेदना पाहुण्याचीहि असते. ह्याच धाग्यावर पुढील दोन चित्रपट उभे आहेत.

एगर्स याचा 'नोस्फेरातु' हा १९२२ च्या मूकपटाचाच नवा अवतार. काळ १८३८, गांव विस्बोर्ग, आणि थॉमस हुटर नांवाचा होतकरू कारकून कार्पेथियन पर्वतांतील एका सरदाराला घर विकण्यासाठीं निघतो. एगर्स हा जुन्या काळाच्या बारकाव्यांचा भक्त आहे, आणि त्यानें प्रथम काय केलें असेल तर ऑर्लॉकच्या अंगावरील शंभर वर्षांचें नाटकी सामान उतरवून टाकलें. बिल स्कार्सगार्ड यानें साकारलेला हा ऑर्लॉक देखणा नाहीं, आणि मॅक्स श्रेकच्या मूळ ऑर्लॉकसारखा उंदीरतोंड्याहि नाहीं. तो जाड मिशांचा, जाड लोकरी अंगरख्याचा, जागोजाग सडलेला, धापा टाकीत बोलणारा मुडदा आहे. लोककथांना अनुसरून तो गळ्याला चावत नाहीं. छातीवर तोंड ठेवून रक्त पितो. फ्लूकिंगरच्या अहवालांतील प्रेत आणि पॉलिडोरीचा उमराव हीं दोन्ही ह्या एका देहांत येऊन भेटलीं आहेत, आणि पाहणाऱ्याला त्याची किळस येते. पुष्कळ वर्षांनीं रक्तपिपासूची किळस आली, हें लहान यश नव्हे.

परंतु चित्रपटाचा खरा विषय हुटरची पत्नी एलेन आहे. आरंभींच ती दिसते, ती अजून लग्न न झालेली, एकाकी, रात्रीं रडत प्रार्थना करणारी मुलगी म्हणून. कोणीतरी यावें, कोणीहि यावें, अशी तिची हांक असते. ती देवदूतानें ऐकावी असा तिचा हेतु, पण ऐकतो तो ऑर्लॉक. आमंत्रण गेलें तें असें: दारांतून नव्हे, मनांतून, आणि तेंहि अज्ञान वयांत. पुढें वयांत आल्यावर लग्नानें तिला थोडी शांतता मिळते, तोंच तो हांक मारणारीला तिचा शब्द आठवून देण्यास निघतो. तिकडे किल्ल्यांत हुटर मोहरांच्या थैलीच्या मोबदल्यांत न समजणाऱ्या भाषेंतील दस्तऐवजावर सही करतो; त्या कागदानें आपण बायकोवरील हक्क सोडला, हें त्याला मागाहून कळतें. ऑर्लॉकला तिची संमति हवी असते. बळजबरी त्याला चालत नाहीं. म्हणून तो तिला तीन रात्रींची मुदत देतो आणि बजावतो, कीं नकार दिल्यास तुझीं जिवलग माणसें मरतील. मग तिची मैत्रीण आणि मैत्रिणीच्या चिमुकल्या मुली मरतात.

येथें एगर्स यानें जुन्या नियमाचें मर्म उकलून दाखविलें आहे. कागद आहे, सही आहे, तोंडचा होकार आहे. मागणाऱ्याच्या बाजूनें सारें रीतसर आहे. परंतु शेजारच्या घरांतून प्रेतें निघत असतां दिलेला होकार हा होकार कसला? चित्रपटांतील सभ्य माणसेंहि तिच्याशीं फार निराळें वागत नाहींत. डॉक्टर तिला औषधानें गुंगवितो, झोंपेंत कांचोळी घालून ठेवावयास सांगतो, पलंगाला बांधतो. तिला विचारीत कोणीच नाहीं. विलेम डफो यानें रंगविलेला विक्षिप्त प्राध्यापक तेवढा तिचें ऐकून घेतो, आणि ऐकून घेतल्यावर तिनें मरावें हाच उपाय सांगतो. शेवटीं १९२२ प्रमाणेंच ती त्याला जवळ बोलावते व पहाटेपर्यंत धरून ठेवते. मूकपटांत हें पतिव्रतेचें बलिदान होतें. येथें त्याला दुसराहि रंग आहे: ज्या मुलीनें नकळत हांक मारली होती, ती बाई झाल्यावर जाणूनबुजून मारते. उत्तरार्धांत चित्रपट जड होतो, चौकटी अतिशय सुंदर असल्यानें कांहीं वेळां गुदमरल्यासारखें होतें, आणि प्राध्यापकमहाशय गरजेपेक्षां जास्त समजावून सांगतात. तरी शेवटचें चित्र विसरतां येत नाहीं. शय्येवर उजेड पसरलेला, आणि त्यांत तिच्या अंगावर पडलेला तो वाळलेला सांगाडा.

'सिनर्स' हा सर्वस्वी निराळ्या मातींतला आहे. अमेरिकेच्या मिसिसिपी संस्थानांतील क्लार्क्सडेल गांव, १९३२ साल, कापसाचे मळे. गुलामगिरी कायद्यानें जाऊन सदुसष्ट वर्षें झालेलीं, पण काळ्या माणसांस गोऱ्यांच्या खाणावळींत, शाळेंत, आगगाडीच्या डब्यांत जागा नाहीं. मोठ्या लढाईवर जाऊन आलेले आणि मग शिकागोच्या गुंडांबरोबर राहून पैसा मिळविलेले दोन जुळे भाऊ, स्मोक आणि स्टॅक, गांवीं परततात. ते एका गोऱ्याकडून लाकूड कापण्याची जुनी गिरणी विकत घेतात आणि त्याच रात्रीं तेथें आपल्या लोकांसाठीं नाचगाण्याचा अड्डा सुरूं करितात. दोन्ही भावांची भूमिका मायकेल बी. जॉर्डन यानेंच केली आहे. धर्मोपदेशकाचा मुलगा असलेला त्यांचा धाकटा चुलतभाऊ सॅमी गिटार वाजवून ब्लूज गातो, आणि त्याच्या गाण्यांत अशी ताकद असते, कीं मेलेले पूर्वज व न जन्मलेले वंशज त्या एका खोलींत येऊन नाचूं लागतात. आफ्रिकेंतील ढोलकरी आणि उद्यांचे विजेच्या गिटारीवाले एकाच फरशीवर! चित्रपटसंगीताला अशी भाषा क्वचितच सुचलेली आहे. हें गाणें दूरवर रेमिक नांवाच्या आयरिश रक्तपिपासूच्या कानीं पडतें, आणि तो दाराशीं येतो.

पण तत्पूर्वीं आणखी एक दार उघडलेलें असतें, आणि चित्रपटाची किल्ली तेथें आहे. सायंकाळीं अंगांतून धूर निघत असलेला रेमिक एका गोऱ्या जोडप्याच्या झोंपडीपुढें येऊन कोसळतो. चॉक्टॉ जमातीचे इंडियन आपल्या मागें लागले आहेत, असें तो सांगतो. जवळची सोन्याचीं नाणीं दाखवितो. गोऱ्या माणसाला गोऱ्यानें आंत घेतलें नाहीं तर कोणी घ्यावें? ते घेतात. पाठोपाठ चॉक्टॉ शिकारी येतात आणि दारांत बंदूक घेऊन उभ्या राहिलेल्या बाईला कळकळीनें सावध करितात. तिचा विश्वास बसत नाहीं, सूर्य मावळतो, ते निघून जातात. बाई आंत वळते, तों नवरा गेलेला. घरांत पडलेला कू क्लक्स क्लॅनचा पांढरा बुरखा दिग्दर्शकानें ओझरता दाखविला आहे, त्यावर एक शब्दहि खर्च न करितां. कातडीचा रंग पाहून दार उघडण्याची आणि लावण्याची जी संवय, तिनेंच त्या दोघांचा घात केला.

अड्ड्याच्या दाराशीं मात्र रेमिकला गोरेपणाचा उपयोग होत नाहीं. तेथें तोच नकाराचें कारण होतो. आंत येऊं द्या, गातों, बजावतों, पैसे देतों, अशी त्याची आर्जवें. भाऊ त्याला परत लावतात. परंतु आंतल्या गल्ल्यांत खरे डॉलर थोडे आणि मळेवाल्यानें मजुरीपोटीं दिलेलीं, मळ्याच्याच दुकानांत चालणारीं टोकनें फार. त्यांवर धंदा चालणार नाहीं हें उघड. म्हणून बाहेरच्या पाहुण्यांपाशीं खरा पैसा आहे का, हें पाहण्यासाठीं मेरी नांवाची बाई बाहेर जाते, आणि संकट आंत येतें. मोहापेक्षां गरजेनें येथें दार किलकिलें झालें, हें अर्थशास्त्र ह्या भूतकथेंत फार अचूक बसलें आहे. त्यानंतर बाहेर गेलेला धिप्पाड द्वारपाल परततो आणि उंबरठ्यापाशीं अडून, मला आंत बोलवा, म्हणतो. जो रात्रभर ह्याच दारावर उभा होता तो आज परवानगी कां मागतो? जडीबुटी व मंत्रतंत्र जाणणारी ॲनी हें तत्काळ ओळखते. साऱ्या चित्रपटांत हा एवढासा प्रसंग सर्वांत थरारक आहे, आणि त्यांत रक्ताचा एक थेंबहि सांडत नाहीं. यानंतर ॲनी लसूण, चांदी, खुंटा हे नियम पाठ्यपुस्तकाप्रमाणें घाईघाईनें सांगून टाकते, तो भाग उरकल्यासारखा वाटतो.

रेमिक जें देऊं करतो तें केवळ अमरत्व नव्हे. त्याच्या मेळाव्यांत काळा-गोरा भेद नाहीं. सर्वांच्या स्मृति सर्वांच्या होतात, सर्वांचीं गाणीं सर्वांचीं. १९३२ च्या मिसिसिपींत हें वचन दुसरा कोण देत होता? तो खोटेंहि बोलत नाहीं. त्याच्या बापाची जमीन परकीयांनीं बळकावली, त्यांनींच आपला धर्म त्याच्यावर लादला. म्हणून शेवटीं सॅमी भयानें ख्रिस्ती प्रार्थना पुटपुटूं लागतो, तेव्हां क्रूसाला भिणारें जुनें पिशाच जेथें मागें हटलें असतें तेथें हा रेमिक त्याच्याबरोबर तीच प्रार्थना शेवटपर्यंत म्हणतो. लादलेल्या त्या शब्दांनीं आपल्याला अजूनहि बरें वाटतें, असें तो सांगतो. नव्वद वर्षांत क्रूसाच्या नियमाचा इतका मार्मिक उपयोग झालेला नाहीं. मात्र त्या एकोप्यांत गेलेले सारे एकाच सुरांत, एकाच तालावर, रेमिकच्याच गाण्यावर नाचतात. सॅमीचें गाणें त्याला हवें असतें तें त्याच्याद्वारें आपले हरवलेले पूर्वज पाहतां यावे म्हणून. भूक खरी, दुःख खरें, आणि तरीहि जो आंत येईल तो सारें गिळून टाकील.

दार अखेर उघडतें तें गांवांत दुकान चालविणाऱ्या ग्रेस चाउ ह्या चिनी बाईच्या तोंडून. रेमिकनें तिच्या नवऱ्याला आधींच आपल्यांत ओढलेलें असतें. आतां तो तिच्या मुलीकडे जाण्याची धमकी देतो. संतापानें आणि भयानें ती ओरडून त्याला आंत बोलावते. एलेनपुढें आणि ग्रेसपुढें ठेवलेला पेंच एकच आहे: तूं "ये" म्हण, नाहीं तर तुझ्या माणसांकडे जातों. एकमेकांचें काम पाहून हे चित्रपट झालेले नाहींत. दोघांनीं एकाच जुन्या नियमांतून हें काढलें. फरक आहे तो पुढचा. एलेनच्या मरणानें गांवावरील संकट टळतें. ग्रेसच्या आमंत्रणानें जवळजवळ सारे मरतात, आणि पहांट झाल्यावर रेमिक व त्याचा मेळा जळून जातो, तरी संकट टळत नाहीं. कारण गिरणी विकणारा गोरा हा क्लॅनचा म्होरक्या असतो आणि सकाळीं सर्वांना ठार मारण्याचा त्याचा बेत आधींच ठरलेला असतो. तो बंदूकवाल्यांना घेऊन येतो. उन्हांत येतो, कोणाचें आमंत्रण न घेतां येतो. लसूण, चांदी, उंबरठा, ह्यांपैकीं एकहि नियम त्याला लागूं नाहीं. स्मोक एकटा त्यांना सामोरा जातो आणि त्यांत मरतो. पिशाचाला निदान दारांत थांबून विचारावें लागत होतें, हें प्रेक्षकाला त्या क्षणीं जाणवतें, आणि दिग्दर्शक तें तोंडानें सांगत बसत नाहीं.

ह्या दोहोंच्या आगेमागें इतरहि चित्रपट येऊन गेले. 'ड्रॅक्युला'मधील जहाजाच्या एकाच प्रकरणावर रचलेला २०२३ चा 'लास्ट व्हॉयेज ऑफ द डेमेटर' सुबक पण शेवट आधींच ठाऊक असल्यानें निरुपाय झालेला. चिली देशाच्या पाब्लो लार्राइन याचा त्याच वर्षींचा 'एल कोंदे' जास्त धाडसी. त्यांत हुकूमशहा पिनोशे हाच अडीचशें वर्षें जगलेला रक्तपिपासू म्हणून दाखविला आहे, आणि कृष्णधवल आकाशांतून लष्करी झगा फडकवीत त्याचें उडणें एकाच वेळीं हास्यास्पद व भयंकर वाटतें. हिंदी पडद्यावर २०२५ च्या दिवाळींत 'थामा' आला. तो मराठी चित्रपटांतून पुढें आलेले दिग्दर्शक आदित्य सरपोतदार यांचा. त्यांतील बेताळ सुळे असलेले, रक्त पिणारे आहेत. बर्टननें १८७० सालीं वेताळाला चढविलेला परदेशी वेष एकशें पंचावन्न वर्षांनीं असा घरीं परत आला. खांद्यावर बसून कोडीं घालणारा जुना वेताळ त्याहून अधिक भयानक होता, असें ज्यांना वाटेल त्यांना दोष देतां येणार नाहीं.

'सिनर्स'ला शेवटीं एक पुरवणी जोडलेली आहे. साल १९९२, शहर शिकागो. सॅमी म्हातारा झाला आहे, अजून गातो. ही भूमिका बडी गाय ह्या ब्लूजच्या नामांकित वादकानें केली आहे. एके रात्रीं कार्यक्रम संपल्यावर त्याच्याकडे दोघे येतात, स्टॅक आणि मेरी, साठ वर्षांपूर्वीं होते तसेच तरुण. स्टॅक त्याला चिरंजीव होण्याचें आमंत्रण देतो. आतां विचारणारा बाहेरचा नाहीं, घरचा आहे. धमकी नाहीं, घाई नाहीं. सॅमी नको म्हणतो. मग तो कबूल करतो, कीं त्या रात्रीच्या आठवणीनें अजून अंग गारठतें, पण सूर्य मावळेपर्यंत तो आयुष्यांतला सर्वांत चांगला दिवस होता. स्टॅक त्याला दुजोरा देतो. आपल्या भावाला त्यानें शेवटचें पाहिलें तें त्या दिवशीं, आणि सूर्यालाहि.